लाल ठिपक्याचं बटण

१

हनुमान शिंगाडे दुकानात शिरला तो रुमालात गुंडाळलेली डिस्क छातीशी धरूनच. काउंटरवर ठेवण्याआधी त्यानं हातानं काच पुसली, मग रुमाल सोडला. शीला दाभाडेंनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. बिघडलेल्या डिस्का त्यांच्याकडं रोज यायच्या, कुणाच्या पिशवीतून, कुणाच्या खिशातून. रुमालात बांधून आणणारा हा पहिलाच.

"काय मेलंय यात?" शीलाताईंनी विचारलं. त्यांची बोलायची रीतच तशी.

"माझी आई," हनुमान म्हणाला.

शीलाताईंनी जीभ चावली आणि त्याला स्टुलावर बसायला सांगितलं.

या बाईंची थोडी ओळख करून दिली पाहिजे. पोलिसांच्या सायबर शाखेत त्यांनी उमेदीची वर्षं घातली. एका साहेबाला तोंडावर 'तुम्हाला अक्कल नाही' म्हणाल्या, आणि तो साहेब बदली करायच्या आत स्वतःच नोकरी सोडून मोकळ्या झाल्या. आता शहरात, गारखेड्यात, त्यांचं हे दुकान. पुसलेलं परत काढून देणं हा धंदा, आणि कुणी पुसलं ते हुडकणं ही खोड.

"नीट सांग," त्या म्हणाल्या. "सुरुवातीपासून."

हनुमाननं सांगितलं. घरात कंप्युटर एकच, पण डिस्का दोन. आतल्या डिस्कवर विंडोज. ती बायकोची, अक्षदाची. ती घरी बसून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. दुसरी डिस्क ही, बाहेरच्या डबीतली, वायरनं जोडलेली. हिच्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली. कंपनीत यंत्रांवर हनुमान तेच वापरतो, म्हणून घरीही घातलं. दोन डिस्का, दोन वेगळे कारभार, एकाचा दुसऱ्याला त्रास नको. आणि या लिनक्सच्या डिस्कवर त्याच्या आईच्या, सुगंधाबाईच्या, ओव्या होत्या. मेंढरांमागं फिरताना तोंडपाठ केलेल्या. हनुमाननं एकेक करून रेकॉर्ड केल्या होत्या. मागच्या साली आई गेली.

"तेव्हापासून बाबा रोज दिवेलागणीला मशिनपुढं बसतात. डबी चालू करायची, कंप्युटर चालू करायचा, एक बटण दाबायचं. की आईचा आवाज सुरू. तेवढं मी त्यांना शिकवलंय. त्या एका बटणाशिवाय त्यांना कंप्युटरातलं काही कळत नाही."

"दुसरी कॉपी?"

हनुमाननं मान खाली घातली. "करू करू म्हणत राहिलो, ताई."

"शाब्बास," शीलाताई म्हणाल्या, आणि लगेच त्यांना वाईट वाटलं. "मग?"

"सोमवारी रात्री मी सगळं नीट लावून दिलं होतं. मंगळवारी पहाटं कामावर गेलो. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही, म्हणून डबल ड्युटी झाली. बुधवारी सकाळी आलो तर बाबा मशिनपुढं बसलेले. मांडीवर हात ठेवून. म्हणाले, ती बोलत नाय. बघतो तर डिस्क कोरी. त्या दिवसापासून बाबा काळ्या चहावर आहेत. भाकरीला शिवत नाहीत. ताई, आवाज परत आला नाही तर मला बाप पण राहणार नाही."

शीलाताईंनी डिस्क आपल्या मशिनला लावली. मग एकामागून एक चार-पाच प्रोग्राम चालवून बघितले.

"जुनी, तबकडी फिरणारी डिस्क असती तर काही ना काही हाती लागलं असतं," शेवटी त्या म्हणाल्या. "ही नव्या जातीची आहे, नुसती चिप. हिला एकदा सांगितलं की तू रिकामी, की ही आतून स्वतःला धुऊन काढते. गेलं रे सगळं. माफ कर, खोटी आशा मी लावत नाही."

हनुमाननं रुमालाची घडी घातली. मग म्हणाला, "कुणी केलं तेवढं तरी सांगा."

"कुणी ते डिस्क सांगत नाही. कधी ते सांगते. हिच्यावरचं लिनक्स काढून विंडोजच्या पद्धतीची कोरी डिस्क केलीय." शीलाताईंनी पडदा त्याच्याकडं वळवला. "मंगळवार. दुपारी दीड."

हनुमानचा चेहरा उतरला. "दीडला बाबा मारुतीच्या देवळात असतात, भजनी मंडळात. मी कामावर." तो उठून उभा राहिला. "घरात फक्त अक्षदा होती. मला तेच वाटत होतं. तिला सांगितलंच होतं माहेरी जा म्हणून. आता तोंड बघणार नाही तिचं."

२

अक्षदा बॅग भरतच होती. शीलाताई जिना चढून आल्या, तेव्हा दारात प्लास्टिकचे निळे ड्रम रांगेनं भरलेले होते आणि दोन खोल्यांच्या त्या घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आतल्या खोलीत भिंतीला टेकून म्हातारा बसला होता. बिरू शिंगाडे. डोक्याला पटका, अंगावर घोंगडी, डोळे उघडे पण कुठंच न बघणारे. शेजारी चहाची कपबशी, चहा निवून गेलेला.

"तुम्ही पोलिसातल्या ना?" अक्षदा म्हणाली. "मग लिहून घ्या, मीच केलं. म्हणजे सगळ्यांचं समाधान होईल."

"मी लिहून घेत नाही, मी ऐकते," शीलाताई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "तुझं त्या डबीशी काय वाकडं होतं?"

अक्षदाचे डोळे भरले, पण आवाज तिखटच राहिला. "वाकडं? डबी लावलेली असली की मशिन सरळ मामांच्या त्या लिनक्समध्ये जायचं. समोर पोरं अर्ज भरायला थांबलेली, शेवटची तारीख, आणि मी मशिन बंद करून पुन्हा चालू करतीय. म्हणून मी वायर उपसायची. संध्याकाळी मामांना वायर सापडायची नाही, की ते रुसायचे. यावरून रोजची किटकिट, हे काय मी नाकारत नाही. पण आत्यांचा आवाज पुसीन मी? मला पोटच्या पोरीसारखं वागवलंय त्यांनी. बाळंतपणात माझं मूल गेलं, तेव्हा रात्र रात्र उशाशी बसल्या होत्या."

"मंगळवारी मशिन लावलं होतंस?"

"कशाचं लावतीय! मंगळवारी आमचे नळ आले. आठ-नऊ दिवसांनी आले, तेही लाईट नसताना. बारापासून तीनपर्यंत लाईट नाही, मोटार बंद. खालून हंड्या-कळशांनी सगळं वर चढवलं. कंबरेचे काटे ढिले झाले. सगळ्या गल्लीनं बघितलंय मला. तीनला जी आडवी झाले ती संध्याकाळी शेजारच्या चतुराबाईंकडं हळदीकुंकवाला जायची वेळ झाली तेव्हा उठले. मशिनला हात नाही लावला."

"आणि एरवी मशिन नीट चालतं?"

"चालतं म्हणायचं. घड्याळ तेवढं येडं आहे. मामांनी आदल्या दिवशी ऐकलेलं असलं, की सकाळी मशिन पहाट दाखवतं. अर्जावर वेळ चुकते, मग मी हातानं नीट करते." तिनं बॅगची चेन ओढली. ती अर्ध्यावर अडकली आणि तिथंच तिला रडू फुटलं. "ताई, मला माहेरी परत पाठवलं, तर लोक म्हणतील सासूचा आवाज पुसून आली. हा कपाळावरचा डाग कधी पुसायचा मी?"

निघताना शीलाताईंची नजर टेबलावरच्या कीबोर्डवर गेली. एंटरच्या मोठ्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठसठशीत ठिपका होता.

"हे काय?"

"आमच्या मेंढरांची खूण," अक्षदा नाक पुसत म्हणाली. "शिंगाड्यांच्या कळपाला पाठीवर लाल ठिपका असतो. मामांना अक्षरं कळत नाहीत. म्हणून ह्यांनी सांगितलं, बाबा, लाल ठिपका म्हणजे आपलं. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. तो ठिपका मीच लावून दिलाय."

आतल्या खोलीतून म्हाताऱ्याचा आवाज आला, विहिरीतून आल्यासारखा. "तिला घालवू नगा. तिनं न्हाय केलं."

"मग कुणी केलं बाबा?" शीलाताईंनी विचारलं.

म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडं वळवलं.

३

ऋतुराज वैजापूरकडचा. घरची बागायती जमीन, कांद्याच्या चाळी, आणि हा एकुलता एक पोरगा गावोगाव गाणी गोळा करत हिंडतो म्हणून बाप डोक्याला हात लावून बसलेला. शहरात त्यानं एक खोली घेऊन भिंतींना फोम चिकटवला होता. सुगंधाबाईच्या ओव्यांसाठी तो शिंगाड्यांच्या दारात खूप वेळा गेला होता. शेवटी सोमवारी हनुमाननं त्याला जिन्यावरूनच परत पाठवला होता, आणि गल्लीत आवाज चढला होता. हे कळल्यावर शीलाताई त्याच्या खोलीवर गेल्या.

"मी गाणी चोरली, आणि दुसऱ्या कुणाकडं राहू नयेत म्हणून पुसली, असंच ना?" ऋतुराज म्हणाला. त्याचे डोळे तांबारलेले होते. "मॅडम, मंगळवारी मी वैजापुरात होतो, चुलतबहिणीच्या साखरपुड्याला. अख्खं गाव साक्षीला आहे. आणि माझ्याही मशिनमध्ये लिनक्सच आहे. मला पुसायचंच असतं तर मी गाण्यांचा फोल्डर उडवला असता. अख्खी डिस्क विंडोजची कशाला करू? हे घर जाळून ढेकूण मारल्यासारखं झालं. जाणता माणूस असं करत नाही."

शीलाताईंनी मान हलवली. हे त्यांनाही खटकत होतं. ज्याला गाणी नकोत तो गाणी पुसतो. इथं गाण्यांबरोबर लिनक्स गेलं, मांडणी गेली, सगळं गेलं. पुसणाऱ्याला त्या डिस्कवर काय आहे ते दिसतच नसल्यासारखं.

"विंडोजला लिनक्सची डिस्क वाचता येत नाही ना?" त्यांनी स्वतःलाच विचारल्यासारखं म्हटलं.

"नाही. अनोळखी दिसते. उलट बाजूनं मात्र चालतं, लिनक्सला विंडोजची डिस्क वाचता येते." ऋतुराजनं खुर्ची पुढं ओढली. "त्या बाईंच्या तोंडून एक ओवी मी एकदाच ऐकली, समोर बसून. मेंढी हरवते आणि धनगरीण तिला रात्रभर हाका मारते, अशी. मी म्हणलं, मावशी, मोबाईलवर घेऊ का? त्या म्हणाल्या, मालकाला विचार. मालक नाही म्हणाले. मी मोबाईल खिशात ठेवला."

"चोरून घेतली नाहीस?"

"नाही. इमान असतं की काही."

"अरे, चोरायची होतीस रे बाबा!" शीलाताई एकदम ओरडल्या, आणि त्यांचाच आवाज त्या फोमच्या भिंतींत जिरून गेला. "एवढी एक चोरी केली असतीस, तर आज तुझे पाय धरले असते मी."

ऋतुराजनं डोळ्यांवर हात घेतला. गुन्हेगार नव्हता तो. त्याचंच शीलाताईंना दुःख झालं.

निघताना तो म्हणाला, "त्या म्हाताऱ्याच्या भावाला विचारलंत का? रामप्रसादला? तो तर उघड म्हणायचा, हा आवाज बंद झाला पाहिजे."

४

पाचोडच्या बाजारात रामप्रसाद शिंगाडे मेंढरांच्या घोळक्यात उभा सापडला. प्रत्येक मेंढराच्या पाठीवर लाल ठिपका. त्यानं शीलाताईंचं म्हणणं ऐकून घेतलं, पण हात कोकराच्या गळ्यावरून काढला नाही.

"म्हणलो व्हतो मी. आजबी म्हणतो," तो म्हणाला. "गेलेल्या माणसाला रोज सांजच्याला हाक मारायची, हे काय चांगलंय का बाई? तिला वाट कशी मिळावी?"

"म्हणून पुसलंत?"

"मला त्या मशिनचं तोंड कुठं अन् शेपूट कुठं ते ठाव नाय. आन् मंगळवारी मी माळावर व्हतो, बिबट्याची आवई उठली म्हून रात्रंदिवस जागलो. ह्या आमच्या मान्साला इचारा." शेजारच्या मेंढक्यानं मुंडी हलवली. रामप्रसादनं आवाज खाली आणला. "बाई, तुम्हाला खरी गोष्ट सांगतो. वहिनीच्या दहाव्याला पैठणला गेलो. पिंड मांडला. कावळाच शिवंना. दुपार झाली. कावळे झाडावर बसून हायेत, पर खाली येत नायेत. भटजी म्हणले, मालकानं बोलावं. तू जा, आमची फिकीर करू नगं, एवढं म्हणलं की शिवतो. समदे म्हणले, बिरू, बोल. मी पाय धरले त्याचे."

"बोलले नाहीत?"

"एक शबुद नाय. दातखीळ बसल्यागत हुबा. म्हणला, मी तिला जा म्हणणार नाय. शेवटी गवताचा कावळा करून पिंडाला लावला आन् घरी आलो." रामप्रसादनं कोकरू सोडून दिलं. "माझी वहिनी अजून हितंच अडकून पडलीया, बाई. म्हून म्हणत व्हतो आवाज बंद करा. पर चोरून पुसायचं? माझ्या भावाच्या तोंडचा घास काढीन का मी?"

परतीच्या एस.टी.त शीलाताई खिडकीला डोकं टेकून बसल्या. बाहेर ढगाळ, ओलसर, कळकट दुपार. तीन माणसं, तिघांनाही कारण होतं, आणि तिघंही खरं बोलत होती. हे आपल्या धंद्यातलं सगळ्यात वाईट गणित, असं त्यांना वाटलं.

अचानक त्या ताठ बसल्या. हंडे. अक्षदानं पाणी हंड्यांनी का चढवलं होतं?

मोटार बंद होती म्हणून. मोटार बंद होती, कारण बारा ते तीन लाईट नव्हती. आणि लाईट नव्हती तर दीड वाजता त्या घरात कंप्युटर चालू झालाच कसा?

५

"बाबा, तुम्ही रोज आवाज कसा लावता, ते मला करून दाखवा," शीलाताई म्हणाल्या.

हनुमान कामावर होता. अक्षदा चुलीपाशी. म्हणजे गॅसपाशी, पण त्या घरात सगळे चूलच म्हणत. शीलाताईंनी दुकानातली एक तशीच डबी आणली होती. आत लिनक्सच्या पद्धतीनं तयार केलेली डिस्क, तिच्यावर नको असलेल्या चार फायली. ती त्यांनी जुन्या वायरीला जोडली. मशिनच्या मांडणीला त्या घटनेनंतर कुणी हात लावलेला नव्हता.

म्हातारा भिंतीचा आधार घेत उठला. आवाज येईल असं त्याला वाटलं की काय, देव जाणे. पण पटका सारखा करून तो खुर्चीवर बसला. डबी चालू केली. कंप्युटर चालू केला. मग दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटून घेतले.

"डोळे का मिटता?"

"बघायचं काय त्यात? ऐकायचं असतंय," तो म्हणाला. "टिंग वाजलं, की मशिन इचारतंय. हनमानं सांगितलंय तसं. आईला बोलवू का, आसं इचारतंय. आपण ठिपका दाबून व्हय म्हणायचं."

टिंग झालं. शीलाताईंनी पडद्याकडं पाहिलं. लिनक्सची काळी पाटी आलीच नव्हती. मशिन सरळ विंडोजमध्ये शिरलं होतं. विंडोजला अनोळखी डिस्क दिसली होती, आणि इंग्रजीत एक चौकट पुढं आली होती: ही डिस्क वापरायची तर आधी पुसावी लागेल. पुसू का?

म्हाताऱ्यानं बोट सरकवत लाल ठिपका शोधला आणि दाबला. आवाज येईना. पुन्हा दाबला. टिंग. यावरचं सगळं जाईल, चालेल का? त्यानं तिसऱ्यांदा दाबलं आणि हात जोडून वाट बघत बसला.

कुणाचाच आवाज आला नाही. पडद्यावर एक कोरी डिस्क होती.

शीलाताई इतक्या गप्प झाल्या, की म्हाताऱ्यानं डोळे उघडले आणि त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"झालं का, ताई?" त्यानं विचारलं.

"झालं बाबा," शीलाताई म्हणाल्या. त्यांना तिथून पळून जावंसं वाटलं.

६

त्याच संध्याकाळी हनुमानला त्यांनी कंपनीच्या बसथांब्यावरच गाठलं.

"सोमवारी रात्री तू सगळं नीट लावून दिलंस म्हणालास. काय नीट लावलंस?"

"ती रोजची किटकिट मिटावी म्हणून... मशिननं आधी कुठली डिस्क उघडायची ते बदललं. आधी विंडोज केलं. म्हणजे अक्षदाला वायर उपसायला नको. बाबांना दुसऱ्या दिवशी नवीन पद्धत दाखवणार होतो. पण डबल ड्युटी..." तो थांबला. "का?"

"ऐक. मध्ये बोलू नकोस, मला एका दमात सांगू दे. डिस्क म्हणते दुपारी दीड. दीडला तुमच्या गल्लीत लाईट नव्हती, म्हणजे ती वेळ खोटी. खोटी का, ते तुझ्या बायकोनं सांगितलं, तिलाही न कळता. बाबांनी ऐकलं की दुसऱ्या दिवशी मशिनचं घड्याळ मागं पडतं. तुला माहीत आहे का पडतं?"

हनुमान पुटपुटला, "लिनक्स मशिनच्या घड्याळात लंडनची वेळ लावतं, आणि आपल्याला साडेपाच तास मिळवून दाखवतं. विंडोज घड्याळात असेल तीच वेळ आपली धरतं."

"सोमवारी संध्याकाळी लिनक्स चाललं. मंगळवारी दिवसभर मशिन बंद, म्हणून अक्षदानं घड्याळ नीट केलं नाही. दीडमध्ये साडेपाच मिळव."

"सात," हनुमान म्हणाला. "दिवेलागण." तेवढ्यात त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं, आणि तो थांब्याच्या लोखंडी नळीला धरून खाली बसला. "नाही ताई. बाबांना फक्त एकच बटण येतं."

"तेवढंच लागलं रे. तीनदा."

आजूबाजूला पाळी सुटलेली माणसं डबे वाजवत चालली होती. हनुमान गुडघ्यात डोकं घालून लहान पोरासारखा रडत होता. "मीच मारलं आईला दुसऱ्यांदा. आणि अक्षदाला... मी तिला काय काय बोललो!"

शीलाताई त्याच्या शेजारी फुटपाथवर बसल्या. त्यांच्या गुडघ्यांना हे परवडणारं नव्हतं. "बायकोची माफी माग, ती तुझी तू बघ. पण बाबांना हे कळता कामा नये. डिस्क जुनी झाली, आपोआप गेली, असं मी सांगते. उभ्या आयुष्यात मी तपासात खोटं बोललेली नाही. आज बोलते."

७

बॅग अजून दारातच होती. हनुमाननं ती उचलून आत नेली.

"मी म्हणलं का उचल म्हणून?" अक्षदा म्हणाली. त्यानं नुसते हात जोडले. तिनं तोंड फिरवलं, पण बॅग परत बाहेर आणली नाही.

शीलाताई म्हाताऱ्यासमोर बसल्या आणि ठरल्याप्रमाणे बोलल्या. डिस्क जुनी होती, तिचं आयुष्य संपलं, आपोआप पुसलं गेलं, कुणाचा दोष नाही.

बिरू शिंगाडेनं सगळं ऐकून घेतलं.

"नाय ताई," तो म्हणाला. "मगाशी तुमच्याम्होरं ठिपका दाबला, तवा तुमचं तोंड बघितलं मी. मेंढरू दगावलं की ढोरांचा डाक्टर आसंच तोंड करतो. मला त्या दिवशीच वाटलं व्हतं. रोज मशिन एकदाच इचारायचं. त्या दिवशी सारखं टिंग टिंग. मला वाटलं, ती रुसलीया, येत नाय म्हणतीया, म्हून मशिन पुन्हा पुन्हा इचारतंय. मी तीनबी बारीला व्हय म्हणलो. मग पोरीवर आळ आला, आन् मला सांगाय तोंड फुटंना." त्यानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. "लई वंगाळ केलं मी. ह्या पोरीचा घात करत व्हतो."

"मामा, असं नका बोलू," अक्षदा दारातून म्हणाली.

म्हाताऱ्यानं हात वर करून तिला थांबवलं. त्याची नजर शीलाताईंवरच होती.

"मला एवढंच सांगा, ताई. मशिन त्या दिवशी इचारत काय व्हतं?"

कुठल्याही साहेबाला तोंडावर उत्तर देणाऱ्या शीलाताईंना क्षणभर काही सुचलं नाही. मग त्यांना पाचोडच्या बाजारातला रामप्रसाद आठवला. झाडावरून खाली न येणारे कावळे, आणि पिंडापाशी दातखीळ बसलेला हा माणूस.

"ते विचारत होतं, बाबा," त्या हळूच म्हणाल्या, "सुगंधाबाईंना आता जाऊ देऊ का?"

म्हातारा पुढं झुकला. "तीनदा इचारलं?"

"तीनदा."

"आन् मी व्हय म्हणलो."

"व्हय बाबा. तिन्ही वेळा."

बिरू शिंगाडेनं मशिनच्या दिशेनं एकदा हात जोडले.

"दहाव्याला म्हणायला पाह्यजे व्हतं," तो शेवटी म्हणाला. "तवा मी आडमुठा झालो. जाऊ दे. गेली आसंल आता." त्यानं घोंगडी बाजूला सारली. "अक्षदा, भाकर हाय का गं?"

अक्षदानं डोळे पुसत ताट घेतलं, भाकरी मोडून दुधात कुस्करली आणि त्याच्यापुढं ठेवली. म्हातारा खाली मान घालून जेवू लागला. ताट रिकामं होईपर्यंत तो थांबला नाही.

हनुमान उठून जिन्यात गेला आणि पाण्याच्या ड्रमांपाशी अंधारात उभा राहिला. मशिननं खरं काय विचारलं होतं, ते त्याला वाचता येत होतं: पुसू का?